ॲपमध्ये दोन अर्थ दिसले, खरा कोणता?

पत्र : माझे वय ४६. आईला अर्धांगवायू झाल्यापासून ती माझ्याकडेच असते. त्यामुळे मंडळीतल्या बायबल अभ्यासाच्या बैठका वरचेवर बुडतात. मागच्या बैठकीत गटाच्या वडिलांनी, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, लूकच्या शुभवर्तमानातले १४:२६ काढले. जो आपल्या आईबापाचा, बायकामुलांचा, भावाबहिणींचा आणि स्वतःच्या जिवाचाही द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही, असे येशू म्हणतो ते वचन. ते वाचून माझ्याकडे पाहत म्हणाले, “काही जणांचं मन अजून घरातच अडकलंय.” परतताना मैत्रीण म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, मूळ ग्रीकमध्ये तिथे द्वेष नाहीच, ‘कमी प्रेम’ आहे. रात्री मोबाइलवर बायबलचे ॲप उघडून त्या शब्दावर बोट ठेवले, तर ३४०४ असा आकडा आला आणि खाली अर्थ : तिरस्कार करणे, पुढे, कमी प्रेम करणे. म्हणजे दोघेही बरोबर? मग अर्थ आपापल्या सोयीने निवडायचा का? ‘परमेश्वराचे भय’ आणि ‘जगावर प्रीती करू नका’ इथेही मी कायम अडखळते. यासाठी ग्रीक-हिब्रू शिकावे लागेल का? आणि या वयात जमेल का?

ताई,

माझ्या मते दोघेही चुकले. वडिलांनी एक शब्द उचलला आणि अध्याय बाजूला ठेवला. मैत्रिणीने तुमच्या मायेपोटी तो शब्दच पुसून टाकला. आणि ॲप? ते बिचारे दोन्ही पक्षांच्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहे.

आधी त्या आकड्याचा गोंधळ मिटवू. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० मध्ये इंग्रजी बायबलची एक प्रचंड शब्दसूची छापली. कोणता शब्द कोणत्या वचनात येतो हे त्यात शोधता यावे, एवढाच तिचा उद्देश. त्यासाठी त्यांनी मूळ शब्दांना अनुक्रमांक दिले : हिब्रू-अरामी शब्दांसाठी ८६७४ पर्यंत, ग्रीकसाठी ५६२४ पर्यंत. तुम्हाला दिसलेला ३४०४ हा ‘मिसेओ’ या ग्रीक क्रियापदाचा क्रमांक. त्याखालची ओळ म्हणजे शेवटी जोडलेल्या छोट्याशा कोशातली टीप. तो शब्द साऱ्या लिखाणात मिळून काय काय अर्थाने येऊ शकतो, हे ती थोडक्यात सांगते. लूक १४:२६ मध्ये त्यातला कोणता अर्थ लागू होतो, हे ती सांगत नाही आणि तिने तसा दावाही केलेला नाही.

मराठीतच पाहा. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, पैसे लागतात आणि शेजारची बाई आपली आत्या लागते. परक्या माणसाने कोशात ‘लागणे’ काढले तर त्याला पंचवीस अर्थ मिळतील. त्यातला त्याच्या आवडीचा एक उचलून तो म्हणाला की आत्या म्हणजे पेटणारी बाई, तर आपण हसू. आपल्याला मात्र यातला एकही अर्थ निवडावा लागत नाही, कारण आजूबाजूचे शब्दच निवड करून देतात. बायबलमध्ये आपण हे विसरतो. तिथे एकेक वचन सुटे करून वाचायची सवय लागलेली असते. त्यात ही अध्याय-वचनांची विभागणी फार नंतरची. लूकने एकही आकडा घातला नव्हता.

तेव्हा ‘सोयीने निवडायचा का’ याचे उत्तर साफ नाही. अर्थ शोधायचा असतो आणि तो शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे तोच अध्याय. आज रात्री लूक १४ पहिल्या वचनापासून वाचा. सुरुवातीला शब्बाथ दिवशी, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या दिवशी, एका परूश्याच्या (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी जेवण आहे आणि समोर अंगावर सूज आलेला एक आजारी माणूस. येशू त्याला बरे करतो आणि विचारतो, तुमच्यापैकी कोणाचा बैल विहिरीत पडला तर शब्बाथ असला तरी तो लगेच वर काढणार नाही का? पुढे तेराव्या वचनात तो यजमानाला सांगतो की जेवणावळीला गरिबांना, लुळ्यापांगळ्यांना, आंधळ्यांना बोलाव. वडिलांनी हा अध्याय तुमच्यासमोर ठेवण्याआधी पहिले पान पाहायला हवे होते, इतकेच म्हणते.

मग पंचविसावे वचन येते. येशूबरोबर मोठा लोकसमुदाय चालला आहे आणि तो वळून त्यांच्याशी बोलतो. ‘द्वेष’ हा शब्द इथे येतो. त्याच्यापाठोपाठ दोन छोटे दाखले आहेत. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. दहा हजारांनिशी वीस हजारांवर चालून जाणारा राजा आधी मसलत करतो. शेवटी तेहतिसावे वचन : त्याचप्रमाणे तुमच्यापैकी जो कोणी आपल्या सर्वस्वाचा त्याग करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही. सव्विसाव्या आणि तेहतिसाव्या वचनांचे शेवट शब्दशः जुळतात. म्हणजे ‘द्वेष’ने सुरू झालेला मुद्दा लूकनेच ‘त्याग’ने बंद केला आहे. तिथे जे ग्रीक क्रियापद आहे तेच त्याने ९:६१ मध्ये वापरले आहे. एक जण म्हणतो, प्रभू, मी तुझ्यामागे येईन, पण आधी घरच्यांचा निरोप घेऊ दे. तो ‘निरोप घेणे’ आणि हा ‘त्याग करणे’ मुळात एकच शब्द. सर्वस्वाचा निरोप घ्यायचा, आपला हक्क सोडायचा, हा त्याचा रोख. यात कोणाविषयी जळफळाट कुठे आहे?

दुसरी जागा म्हणजे तोच लेखक इतरत्र काय लिहितो ती. हाच लूक ६:२७ मध्ये येशूच्या तोंडी घालतो की तुमच्या वैऱ्यांवर प्रीती करा, जे तुमचा द्वेष करतात त्यांचे बरे करा. तिथेही क्रियापद मिसेओच. वैऱ्यावर प्रीती आणि आईचा मात्र मराठीतल्या अर्थाने द्वेष, असे एकाच पुस्तकात कसे बसेल? १८:२० मध्ये येशू एका अधिकाऱ्याला ज्या आज्ञा म्हणून दाखवतो, त्यांत आईबापाचा मान राखण्याची आज्ञा आहेच. आणि १६:१३ तर आपला प्रश्न जवळजवळ सोडवूनच टाकते. दोन धन्यांची चाकरी कोणाला करता येत नाही; तो एकाचा द्वेष करील आणि दुसऱ्यावर प्रीती करील, किंवा एकाशी निष्ठेने राहील आणि दुसऱ्याला तुच्छ मानील. दोन ठिकाणांहून हाक आली की कोणाकडे जायचे, हा तिथला सवाल आहे.

तिसरी जागा जुना करार. येशूचे ऐकणारे आणि लूकचे वाचणारे त्याच भाषेत वाढलेले होते. उत्पत्ती २९:३० म्हणते, याकोबाने आपल्या दोन बायकांपैकी राहेलीवर लेआपेक्षा अधिक प्रीती केली. लगेच पुढच्या वचनातले हिब्रू म्हणते, लेआचा ‘द्वेष’ होत असल्याचे परमेश्वराने पाहिले. वास्तविक याच लेआला याकोबापासून सहा मुलगे आणि एक मुलगी झाली. मराठी कहाण्यांतून आवडती राणी आणि नावडती राणी आपल्या चांगल्या ओळखीच्या आहेत. लेआ ही तशी नावडती. येशूच्या काळी प्रचलित असलेल्या ग्रीक भाषांतरात या ठिकाणी मिसेओच आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या २१:१५ ते १७ मधला कायदाही याच आवडती-नावडतीचा : नावडतीचा मुलगा थोरला असेल तर वारशाचा दुप्पट वाटा त्यालाच द्यायचा, आवडतीच्या मुलाला पुढे करायचे नाही. नीतिसूत्रे १३:२४ म्हणते, जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो. तो बाप तर लाडावून ठेवणारा आहे. त्याच्या मनात द्वेषाचा लवलेश नाही, तरी हिब्रू भाषा हाच शब्द वापरते. प्रीती आणि द्वेष ही जोडी या भाषेत अनेकदा कोणाला पुढचे स्थान दिले आणि कोणाला मागचे, एवढेच सांगते. मत्तय १०:३७ मध्ये हीच शिकवण ‘माझ्यापेक्षा आईबापावर अधिक प्रीती करणारा’ अशा शब्दांत येते, ती म्हणूनच.

म्हणजे शेवटी मैत्रीणच जिंकली? नाही. ‘मूळ ग्रीकमध्ये द्वेष नाहीच’ हे तिचे विधान चुकीचे आहे. मूळ ग्रीकमध्ये द्वेषाचाच शब्द आहे, आणि लूकने मत्तयासारखी सौम्य रचना न करता तो टोकदार ठेवला आहे. ‘कमी प्रेम’ म्हटले की वचन गुळमुळीत होते. गर्दीबरोबर मजेत चालणाऱ्यांना थांबवून खर्च मोजायला लावणारे ते वाक्य आहे. मधल्या सत्ताविसाव्या वचनात वधस्तंभ आहे. तेव्हा अर्थ समजून घेताना त्याची धार बोथट करू नका. आई आणि ख्रिस्त यांच्यात खरोखर निवड करायची वेळ आली, म्हणजे उदाहरणार्थ घरच्यांनी विश्वास सोडायला सांगितला, तर हे वचन लागू होते आणि ते फार कठीण आहे. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही. तुमच्यासमोर आई आणि बैठक अशी निवड आहे, आणि बैठक म्हणजे ख्रिस्त नव्हे.

आता भय. निर्गम २०:२० हे एक वचन संथपणे वाचा. सीनाय पर्वतावर मेघगर्जना, विजा आणि धूर आहे. लोक थरथरत लांब उभे आहेत. मोशे म्हणतो, भिऊ नका. त्याचे भय तुमच्यापुढे राहावे आणि तुम्ही पाप करू नये म्हणून देव आला आहे. भिऊ नका आणि भय असू द्या, दोन्ही एकाच दमात आणि हिब्रूत दोन्ही एकाच धातूतून! कोश इथे हात टेकतो. वाक्यच सांगते की पहिले भय पाय लावून पळायला लावणारे आहे, तर दुसरे माणसाला जागच्या जागी सरळ उभे करणारे. स्तोत्र १३०:४ त्याहून विलक्षण आहे. तिथे स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो की तुझ्याकडे क्षमा आहे, म्हणून तुझे भय धरले जाते. शिक्षा आहे म्हणून नव्हे, क्षमा आहे म्हणून! ‘भय’ म्हणजे धास्ती असा अर्थ घेऊन ही ओळ वाचून बघा, लागणारच नाही. अनुवाद १०:१२ मध्ये परमेश्वराचे भय धरणे आणि त्याच्यावर प्रीती करणे एकाच यादीत आहेत. आणि १ योहान ४:१८ म्हणते की पूर्ण प्रीती भीती घालवून देते, कारण भीतीत शासन, म्हणजे शिक्षा, आहे. ती कोणती भीती, हे त्याच वचनात सांगून टाकले आहे.

खरे तर मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. ‘पापभीरू’ माणूस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर घाबरट माणूस येत नाही, सचोटीचा येतो. ‘देवाला भिऊन वागणारा’ हेही तसेच. काही जण ‘भय म्हणजे फक्त आदर’ असे सांगून मोकळे होतात, ते मला पटत नाही. आदर आपण निवृत्त मुख्याध्यापकांचाही करतो. सीनायपाशी जमलेल्यांना जे वाटले ते त्याहून बरेच जास्त होते.

‘जग’ थोडक्यात उरकते. योहान ३:१६ म्हणते, देवाने जगावर प्रीती केली. १ योहान २:१५ म्हणते, जगावर प्रीती करू नका. दोन्हीकडे नाम तेच, कॉस्मॉस, आणि क्रियापदही तेच. ॲप दोन्ही ठिकाणी एकच आकडा दाखवणार. मात्र २:१६ हे लगतचे वचन वाचले की उलगडते. देहाची वासना, डोळ्यांची वासना, संसाराविषयीची फुशारकी यांना तो तिथे ‘जग’ म्हणतो आहे. माणसांना नव्हे.

प्रवचनांतून ऐकू येणाऱ्या आणखी दोन गोष्टींपासून तुम्हाला सावध करते, कारण ‘मूळ ग्रीकमध्ये’ असे म्हटले की सगळे माना डोलावतात. एक म्हणजे, रोमकरांस १:१६ मधले ‘सामर्थ्य’ ग्रीकमध्ये डुनामिस आहे आणि त्यावरून डायनामाइट आले, म्हणून सुवार्ता म्हणजे स्फोट. डायनामाइटचे पेटंट आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये घेतले. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या मनात सुरुंग असण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरे, प्रीतीसाठीचा ग्रीक शब्द अगापे म्हणजे नेहमी निःस्वार्थ, दैवी प्रीती. मग २ शमुवेल १३ चे जुने ग्रीक भाषांतर पाहावे. अम्नोन तामारेवर बळजबरी करतो त्या भयंकर प्रसंगात त्याच्या ‘प्रीती’ला अगापेच म्हटले आहे. २ तीमथ्य ४:१० मध्ये पौलाचा सहकारी देमास त्याला सोडून जातो तेव्हा ऐहिक सुखावर त्याने जी प्रीती केली, तिचे क्रियापदही याच घराण्यातले. उलट पिता पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना योहान ३:३५ मध्ये एक क्रियापद आहे आणि ५:२० मध्ये दुसरेच, फिलेओ. प्रीती मोठी की हलकी हे शब्दावर छापलेले नसते. कोणी कोणासाठी काय केले यावरून ती ठरते.

ॲपचा खरा उपयोग वेगळाच आहे आणि तो जरूर करा. एका मूळ शब्दाला मराठीत जागोजागी वेगळे कपडे घालावे लागतात. ‘सार्क्स’ हा ग्रीक शब्द घ्या. योहान १:१४ मध्ये ‘शब्द’, म्हणजे ख्रिस्त, ‘देही’ झाला तिथे तो आहे आणि रोमकरांस ८ मध्ये ‘देहस्वभाव’ दिसतो तिथेही तोच. मराठी वाचताना हा धागा तुटतो, आकडा तो जोडून देतो. उलटही घडते, दोन वेगळे मूळ शब्द मराठीत एकाच रूपात येतात. तेव्हा आकड्यावर बोट ठेवून खालचा अर्थ वाचण्याऐवजी ‘हा शब्द आणखी कुठे’ ही यादी उघडा. त्यातली त्याच लेखकाची वचने आधी, मग त्याच प्रकारच्या लेखनातली. जोडीला दोन मराठी भाषांतरे शेजारी शेजारी ठेवा. जिथे ती एकमेकांपासून फार वेगळी बोलतात तिथे मुळात काहीतरी अवघड आहे असे समजावे आणि तिथेच थांबून चांगले भाष्य वाचावे. सगळीकडे थांबायची गरज नाही.

ग्रीक शिकायचे का? हौस असेल तर जरूर. अक्षरे चोवीसच आहेत आणि वयाचा अडसर तर मुळीच मानू नका. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. त्या १९२२ मध्ये वारल्या, शेवटपर्यंत हेच काम करत होत्या. मात्र वडिलांना उत्तर देता यावे म्हणून शिकू नका. वर मी तुम्हाला जे दाखवले त्यातले बहुतेक सगळे मराठी बायबल मांडीवर घेऊन सापडते. अर्धवट ग्रीक तर पुष्कळदा माणसाला अध्याय वाचण्यापासून सोडवते, त्यापेक्षा ते नसलेले बरे.

वडिलांशी सर्वांसमोर वाद घालू नका. त्यांना एकटे गाठा आणि लूक १४ पहिल्या वचनापासून तेहतिसाव्यापर्यंत तुमच्यासमोर मोठ्याने वाचायची विनंती करा. नंतर मार्क ७:९ ते १३ काढा. आईबापाला जे द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केले, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू तिथे काय सुनावतो ते आहे. एवढ्याने भागले नाही तर १ तीमथ्य ५ मधली चौथी आणि आठवी वचने. चौथ्यात मुलानातवंडांनी आधी घरी सुभक्तीने वागून वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत असे आहे. आठवे मी इथे लिहीत नाही, फार कडक आहे. ते त्यांनीच वाचावे. मग महिन्यातून एक बैठक तुमच्या घरी घ्यायची सूचना करा आणि नाही म्हणाले तर पाळकसाहेबांशी बोला.

स्वतः करून पाहायला एक शब्द देते. गलतीकरांस ६:२ मध्ये पौल म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. तीनच वचनांनंतर म्हणतो, प्रत्येकाने आपापला भार वाहावा. यात विरोध आहे का? पहिली पाच वचने सलग दोनदा वाचा, तुम्हाला वाटलेले उत्तर वहीत लिहा आणि मगच ॲप उघडून दोन्हीकडचे मूळ शब्द एकच आहेत का ते पाहा. तुमच्या घरच्या पहिल्या बैठकीसाठीही हा उतारा चालेल.